आईच्या वाटणीचं सूप

परवा सकाळी खोबरेल तेलाची बाटली हातावर उलटी केली तर तेल जागचं हललं नाही. नाशिकची थंडी अशी आधी बाटलीत येते आणि मग अंगात. दुपारपर्यंत मला खोकला लागला, आणि सुनेनं मोठ्या मायेनं एक पाकीट फोडलं. पिवळट भुकटी, वर उकळतं पाणी, चमच्यानं दोनदा ढवळलं की झालं चिकन सूप. "घ्या आई, गरम गरम." घेतलं. सून चांगली आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्या भुकटीबद्दल आहे. तिच्यात कोंबडी असलीच तर कारखान्याच्या दारावरून कधीतरी चालत गेली असेल, तेवढीच. चव मिठाची आणि दाटपणा खळीचा. आई अण्णांच्या शर्टांना जी खळ घालायची ती याहून प्रामाणिक होती. निदान ती स्वतःला खळ म्हणवून घ्यायची.

हॉटेलांचंही तेच. लग्नाच्या हॉलमध्ये तर आता दारातच सूप असतं. काचेच्या वाटीत, मक्याच्या पिठाचं, वर कोथिंबिरीची दोन पानं पोहायला सोडलेली. माणसं ते हातात धरून उभी असतात, जणू मोठ्या घरात वाढल्याचा दाखलाच दाखवतायत. माझ्या नातीनं मोबाइलवर दाखवलं की हल्ली हाडं उकळलेलं पाणी बाटल्यांत भरून विकतात, त्याला इंग्रजी नाव आहे, आणि ते पिऊन चेहरा उजळतो. मी म्हटलं, उजळत असेल, विकणाऱ्याचा. नात हसली. तिला वाटलं मी विनोद केला.

सूप हा शब्द आमच्या घरात नव्हताच. आमच्याकडे आळणी असायची. कोंबडी शिजवताना मसाला पडायच्या आधीचं जे पाणी, हळदीचं, आल्या-लसणाचं, बेताच्या मिठाचं, ती आळणी. घरात कुणी आजारी असलं किंवा बाळंतीण असली की ती वाटीभर बाजूला काढायची, आणि मग उरलेल्यात काळा मसाला घालून बाकीच्यांचं जेवण. नाशिकरोडला स्टेशनामागच्या कॉलनीत आम्ही राहायचो. दोन खोल्या, मागे हातभर अंगण. अण्णा मालधक्क्यावर कारकून होते. कॉलनीत बहुतेक घरं आमच्यासारखीच, नोकरी करणाऱ्या बौद्ध कुटुंबांची. रविवारी सकाळी विहारात वंदना व्हायची, आणि दुपारी घराघरातून मसाला भाजल्याचा असा खकाणा उठायचा की रस्त्यानं जाणारा परका माणूससुद्धा शिंकत पुढे जायचा.

कोंबडी घोटीहून यायची. चिमाबाई नावाची एक उंच, काटक बाई सकाळच्या पॅसेंजरनं उतरायची. डोक्यावर टोपली, टोपलीवर जाळी, आणि जाळीतून वर आलेल्या माना चिमाबाईच्या चालीबरोबर डुलायच्या. ती आमच्या मागच्या अंगणातच कोंबडी कापून, पिसं काढून द्यायची. मग आई ती आचेवर फिरवून उरलेली लव जाळायची. त्याचा वास चांगला नसतो. केस जळल्यासारखा असतो. पण तो वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि अजूनही न्हाव्याच्या दुकानावरून जाताना क्वचित सुटतं, याची मला मुळीच लाज वाटत नाही.

आईची पद्धत अशी. तुकडे हळद-मीठ लावून ठेवायचे. पाय आणि मान टाकून द्यायची नाही, जीव त्यातच असतो. आलं, लसूण आणि कोथिंबिरीच्या काड्या पाट्यावर जाडसर ठेचायच्या. पातेल्यात तेलाचं फक्त बोट, त्यावर उभा चिरलेला कांदा, चार मिरी, मग तुकडे. ते आपल्याच पाण्यात वाफले की पातेल्यावर ताट ठेवायचं आणि ताटात पाणी. ते पाणी वर तापत राहायचं, आणि खालचं कमी झालं की तेच आत ओतायचं. गार पाणी ओतलं की आळणी रुसते, असं आई म्हणायची. वर फेस यायचा तो पळीनं काढायचा. उकळी फुटू द्यायची नाही, नुसतं कडेनं हलत राहायला हवं. असं सगळं दुपारभर. मग जुन्या धोतराच्या धुतलेल्या फडक्यातून गाळलं की खाली उतरायचं ते पाण्यासारखं पातळ, आणि वर सोन्याचे लहान लहान ठिपके. पाकिटवाल्यांनी ते ठिपके एकदा बघावेत.

तो हिवाळा सत्तरचं दशक संपता संपताचा. मी बारावीला होते. आमच्या घराण्यातली कुणी मुलगी तोवर बारावीपर्यंत पोचली नव्हती, त्यामुळे माझी परीक्षा ही कॉलनीचीच परीक्षा असल्यासारखी जो तो अभ्यासाची चौकशी करायचा. दिवाळी झाली आणि आईला ताप भरला. आधी साधा वाटला, मग टायफॉइड निघाला. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. आमच्या आईचा आवाज असा होता की तिनं मागच्या अंगणातून हाक मारली तर पुढच्या रस्त्यावरचा भाजीवाला थांबायचा. ती आता पाणी मागायची तर खाटेला कान लावावा लागे.

डॉक्टर कॉलनीच्या तोंडाशीच बसायचे. ते म्हणाले, "हिच्या अंगात आता काही उरलेलं नाही. जड काही देऊ नका, पचणार नाही. सूप द्या. रोज, दोन वेळा, वाडगाभर. घरी केलेलं."

असा तो शब्द आमच्या घरात शिरला.

करणार कोण? मीच. अण्णांना चहासुद्धा येत नव्हता. पहिल्या दिवशी मी कोंबडी साफ करताना पित्ताची पिशवी फोडली. कळलंही नाही. दुपारभर पातेल्यापाशी बसून, फेस काढून, गाळून, मोठ्या तोऱ्यात वाडगा आईसमोर धरला. आईनं एक घोट घेतला. डोळे मिटले. मग अगदी हळू म्हणाली, "शैले, मला बरं करायचंय ना तुला?"

मी चाखून बघितलं. कडू जहर. मला रडू आलं आणि आईला हसू, पण हसायची ताकद नव्हती म्हणून तिचे नुसते खांदे हलले.

दुसऱ्या दिवसापासून ती खाटेवरून शिकवू लागली. खाट बाहेरच्या खोलीत, चूल म्हणजे आमचा वातीचा स्टोव्ह आतल्या खोलीत, मध्ये पडदा. तिला काही दिसायचं नाही. तरी पडद्यापलीकडून आवाज यायचा, "आच कमी कर. उड्या मारतंय ते." ती उकळी ऐकायची. मी एका हातात पळी आणि एका हातात रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन बसायचे. त्या पुस्तकाची पानं नंतर कितीतरी दिवस लसणाचा वास देत होती. चार-सहा दिवसांत मला ते सोनेरी ठिपके जमले. त्या दिवशी आईनं सगळा वाडगा संपवला. तिच्या वरच्या ओठावर घाम आला, आणि ती भिंतीकडे तोंड करून अशी झोपली की मी दोनदा जाऊन श्वास बघून आले. मला आयुष्यात पुढे बऱ्याच गोष्टी मिळाल्या, नोकरी, घर, मुलगा. पण तो रिकामा वाडगा मी आत नेला तेव्हाचा आनंद वेगळा होता. माझ्या हातानं एक माणूस परत येत होतं.

मग भेटायला येणारे सुरू झाले.

आजाऱ्याला भेटायला येणाऱ्या माणसांबद्दल मला तेव्हाही आदर नव्हता, आता तर अजिबात नाही. ही माणसं खाटेभोवती बसतात आणि त्याच आजारानं कोण कोण गेलं त्याची आठवण काढतात. "आमच्या मेव्हण्यालाही हेच झालं होतं, चांगला हिंडता फिरता माणूस," असं म्हणून मान हलवतात, आणि आजारी माणूस त्यांच्याकडे बघत पडून राहतो. मग चहा होतो. चहा झाल्याशिवाय कुणाची काळजी पुरी होत नाही. पण हे सगळे परवडले. आमच्याकडे मोठे काका यायचे.

मोठे काका म्हणजे अण्णांचे सख्खे थोरले भाऊ. सरकारी खात्यात साहेब होते, शहरात गंगापूर रोडला बंगला होता. दर रविवारी दुपारी त्यांची स्कूटर दाराशी यायची, सूप गाळून व्हायच्या सुमाराला. ते नेमकं कसं जमायचं कोण जाणे. अंगात सूट, गळ्यात मफलर, आणि चेहऱ्यावर सभेला आल्यासारखं हसू. आईच्या खाटेशेजारी आमच्या घरातली एकुलती एक हाताची खुर्ची मांडलेली असायची. पहिल्या रविवारी ते तिच्यात बसले, नाक वर केलं आणि म्हणाले, "वसंता, वास कशाचा येतोय रे?"

"हिच्यासाठी सूप केलंय, दादा," अण्णा म्हणाले.

"अरे वा. थंडीही काय पडलीय यंदा."

एवढंच. त्यांनी मागितलं नाही. मागितलं असतं तर नाही तरी म्हणता आलं असतं. अशी माणसं कधीच मागत नाहीत, ती फक्त हवामानाबद्दल बोलतात. अण्णा पडदा सारून आत आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दादांना एक वाडगा दे."

"आणि आईला?"

"उरेल की. थोडं पाणी घाल, एक उकळी आण."

काकांनी फुरके मारत सूप प्यायलं. प्रत्येक फुरक्यानंतर ते "हं" असं म्हणायचे, जणू एखाद्या कागदावर सही करतायत. संपल्यावर वाडगा खाली ठेवला आणि सांगितलं, "मीठ थोडं कमी आहे. पण जमेल, जमेल." आई खाटेवरून त्यांच्याकडे बघून हसली, दिरासमोर हसतात तसं. मग तिच्यापुढे ते पाणी घातलेलं गेलं. ती चार घोट प्यायली आणि बास म्हणाली.

पुढच्या रविवारी ते पुन्हा आले. त्याच्या पुढच्या रविवारी ऑफिसातले एक गृहस्थ बरोबर होते. त्या गृहस्थांचा आणि आईच्या टायफॉइडचा संबंध काय ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्यांनीही प्यायलं. काका आईसाठी कधी काही आणत नसत. एकदा ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा आणला, आणि बोलता बोलता त्यातली निम्मी स्वतःच संपवली. काका भाषणं चांगली करायचे. विहारात त्यांना कार्यक्रमाला बोलवायचे तेव्हा ते स्त्रियांच्या शिक्षणावर बोलायचे, घरातल्या बाईला माणूस म्हणून वागवा म्हणायचे, आणि आमच्या कॉलनीतल्या बायका डोळ्याला पदर लावायच्या. मी पहिल्या रांगेत बसून त्यांच्या मिशा बघायचे.

अण्णांची बाजू मला माहीत होती. आजोबा लवकर गेले. अण्णांना काकांनी आपल्या घरी ठेवून शिकवलं आणि रेल्वेतली नोकरीही त्यांच्याच ओळखीनं लागली. अण्णा त्यांच्यापुढे खुर्चीवर बसत नसत. चाळिशी उलटलेला माणूस भिंतीला टेकून उभा राहायचा आणि "हो दादा, हो दादा" करायचा. उपकारांचं मला कळत होतं. पण उपकार अण्णांवर होते आणि फेड आईच्या वाडग्यातून चालली होती, हे काही केल्या पचत नव्हतं. मी एकदा तसं बोलले. अण्णा म्हणाले, "वाडगाभर पाण्यासाठी माणूस तोडायचा का?" वाडगाभर पाणी. दुपारभर स्टोव्हपाशी बसणारीला त्यांनी हे सांगितलं. त्या दिवसापासून मी अण्णांशी कामापुरतंच बोलायला लागले. काकांचा मला राग यायचा, पण अण्णांची कीव यायची, आणि बापाची कीव येणं ही फार वाईट गोष्ट आहे. राग येतो आणि जातो, कीव घरातच राहते.

जानेवारीपासून पगारात रोजची कोंबडी बसेना, ती रविवारी आणि बुधवारीच यायची, आणि मग काका बुधवारीही यायला लागले. काकूंकडून निरोप आला होता की ह्यांना थंडीत तुमच्याकडचं सूप फार मानवतं.

डॉक्टरांनी आईला तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "वजन चढत नाहीये. सूप देताय ना नियमानं?"

अण्णा म्हणाले, "देतो ना."

मी तोंड उघडलं, पण आईच आधी बोलली. "मलाच जात नाही, डॉक्टर. तोंडाला चव नाही."

ती अण्णांकडे बघतसुद्धा नव्हती. छताकडे बघत होती. नवऱ्याचं खोटं तिनं आपल्या तोंडावर घेतलं. संसार म्हणजे काय ते मला तेव्हा जेवढं कळलं तेवढं पुढे स्वतःच्या लग्नातही कळलं नाही.

आणि मग ताप उलटला. ताप उलटण्याचा आणि सुपाचा काही संबंध नसतो असं मला नंतर एका शिकलेल्या माणसानं समजावलं. नसेल. मला एवढंच आठवतं की बाहेर द्राक्षांचा हंगाम सुरू झाला होता, रस्त्यात हिरव्या घडांच्या पाट्या दिसायला लागल्या होत्या, सकाळी कॉलनीत शेकोट्यांभोवती लोक हसत होते, आणि आमच्या घरात आई बरळत होती. तिला वाटत होतं मी अजून लहान आहे आणि शाळेतून आलेली नाही. ताप उतरला तेव्हा ती उशीवर आहे की नाही हे चाचपून बघावं इतकी हलकी झाली होती. डॉक्टर अण्णांना बाहेर ओट्यावर घेऊन गेले. मी दाराआडून ऐकलं. "आता हिच्यात ताकद आली नाही तर..." ते म्हणाले, आणि वाक्य तसंच सोडून पिशवी उचलून गेले.

चिमाबाईला कळलं तेव्हा तिनं टोपली उतरवली, आत हात घालून एक काळी कोंबडी काढली. "ही घे, पोरी. लय जुनी हाय, पर हाडात माल हाय तिच्या. कोवळीचं पाणी नुसतं पाणीच ऱ्हातं." मग आईच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिली, कुणाच्या मरणाची गोष्ट सांगितली नाही. आईच्या पायावरची गोधडी सारखी केली आणि गेली. त्या हिवाळ्यात आलेल्या पाहुण्यांपैकी मला ती एकटीच माणूस वाटली.

तो रविवार होता. ती काळी कोंबडी शिजता शिजेना. मी सकाळपासून बसले होते. दुपारी गाळलं तेव्हा असं काही उतरलं की मी स्वतःच बघत राहिले. रंग मधासारखा, आणि वास असा की पोटाच्याही खाली कुठेतरी जाऊन बसावा. आणि दाराशी स्कूटर थांबली. एक नाही, दोन. काकांबरोबर ऑफिसातले दोघेजण होते.

पडद्याआडून मला सगळं ऐकू येत होतं. पाहुण्यांनी थंडीचं सांगितलं. मग काकांचा आवाज आला, भाषणातला आवाज. "वसंता, मी म्हणतो यंदा शैलाला परीक्षेला बसवू नकोस. घरात आजारी माणूस आहे. सुमनचं हे असं. पोरगी घरात हवी. परीक्षा काय, पुढच्या वर्षीही देता येते. आणि मुलींनी एवढं शिकून तरी शेवटी काय..." तिथे त्यांना स्वतःचीच भाषणं आठवली असावीत, कारण ते खोकले. मग म्हणाले, "छान वास सुटलाय आज."

"हो दादा," अण्णा म्हणाले. "शैला, तीन वाडगे आण."

मी उठले नाही. आणि तेवढ्यात पडदा हलला. मला वाटलं अण्णा आले. आई होती. भिंतीला धरून, एका हातानं पातळाचा सुटलेला पदर आवळत, अनवाणी. कितीतरी दिवसांत तिनं जमिनीला पाय लावला नव्हता. मी धावले तर तिनं मला हातानं लांब केलं. ती पाटावर बसली, म्हणजे जवळजवळ कोसळलीच, आणि म्हणाली, "वाढ मला."

मी वाडगा भरला. ती प्यायली. फुंकर घालत, घाई न करता. रिकामा वाडगा पुढे केला. मी पुन्हा भरला. बाहेर हसण्याचे आवाज येत होते. तिसऱ्या वाडग्याला तिचा हात कापायला लागला तेव्हा मी खालून हात लावला. तिच्या कपाळावर घाम आला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती रडत नव्हती, ते गरम सुपाचं होतं. पातेल्यात तळाशी थोडं उरलं होतं. तिनं पातेलंच उचलायची खूण केली. मी ते तिच्या तोंडाला लावलं.

"काय झालं, किती वेळ..." म्हणत अण्णा आत आले आणि थांबले. त्यांनी रिकामं पातेलं बघितलं, आईला बघितलं. आईनं तोंड पदराला पुसलं. अण्णा वळले आणि बाहेर गेले, आणि मी त्यांचा आवाज ऐकला, "दादा, जरा गडबड झाली. सूप सांडलं."

त्या क्षणी मला माझ्या बापाचा जेवढा तिरस्कार वाटला तेवढा पुढे कधी कुणाचा वाटला नाही.

आई पाटावर बसल्या बसल्याच बोलली. तो तिचा जुना आवाज नव्हता, पण पडद्यापलीकडे पोचेल एवढा होता. "सांडलं नाही, भाऊजी. मी प्यायले. आणि शैला परीक्षेला बसणार आहे."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज. स्कूटरला किक. एक, दोन, तीन वेळा, थंडीमुळे सुरू होईना. शेवटी ऑफिसातल्या गृहस्थांनी ढकलली.

त्यानंतर काका आमच्याकडे आले नाहीत. नातेवाइकांत मात्र ते हवं ते सांगत फिरले. वसंताची बायको आजारपणात माजली, घरी आलेल्या माणसाला वाडगाभर पाणी विचारलं नाही. आमचे नातेवाईकही असे की त्यांना ते पटलं. आई होळीपर्यंत उठून कामाला लागली आणि तिच्या हाकेनं भाजीवाला पुन्हा थांबायला लागला. मी परीक्षेला बसले. फार मोठे गुण मिळाले नाहीत, पण पास झाले, शिकले, शाळेत शिक्षिका झाले. अण्णा आणि मी पुन्हा बोलायला लागलो, कारण एका घरात किती दिवस गप्प बसणार. पण त्या दुपारबद्दल आम्ही तिघंही कधी बोललो नाही.

ऐंशीनंतर सगळंच बदललं. घोटीची पॅसेंजर यायची, पण चिमाबाई यायची बंद झाली. कॉलनीच्या कोपऱ्यावर ब्रॉयलरचं दुकान निघालं. ती पांढरी, फुगलेली, पायावर उभं राहायला न येणारी कोंबडी. शिजायला चहाएवढाच वेळ लागतो, आणि चव कापसाची. लोकांनी ती डोक्यावर घेतली, कारण लोकांना वेळ वाचवायचा होता. वाचवलेल्या वेळाचं त्यांनी काय केलं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्याच सुमारास काका स्कूटरवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. निवृत्त झाले होते. महिनोन्महिने खाटेवर. एका दुपारी काकू आमच्या दारात उभ्या राहिल्या, हातात रिकामा डबा. "सुमन," त्या म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात हाडाला सूप चांगलं. इथे तर नुसती ब्रॉयलर मिळते, ह्यांच्या घशाखाली उतरत नाही. तुझ्या हातचं ते..."

मी तिथेच होते. मला वाटलं आई आता काहीतरी म्हणेल. मी मनात तिच्यासाठी वाक्यं तयार केली होती, वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलेली. आईनं डबा घेतला. दुसऱ्या दिवशी अण्णांना घोटीला पाठवून गावठी कोंबडी आणवली, दुपारभर शिजवली, पाय आणि मान जास्तीची घालून. मी म्हटलं, "आई, तू त्यांना हे देणार?"

"आजारी आहेत ना ते," ती म्हणाली, आणि ताटातलं पाणी पातेल्यात ओतलं.

रविवारी आम्ही तिघं गंगापूर रोडला गेलो. मी खरं तर बघायला गेले होते. मला काकांची मान खाली गेलेली बघायची होती. काका उशीला टेकून बसले होते, पाय प्लास्टरमध्ये, मिशा पांढऱ्या, आणि खोलीत चार-पाच माणसं, त्यांच्या भाषणांचे जुने चाहते. आईनं डबा उघडून वाडग्यात सूप ओतलं. काकांनी वास घेतला, चेहरा फुलला. आणि मग ते पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "ही आमची सुमन. हिला टायफॉइड झाला होता, अगदी जाता जाता राहिली. मी दर रविवारी जायचो, कामं टाकून. स्वतःच्या हातानं सूप पाजलंय मी हिला."

पाहुण्यांनी माना हलवल्या. कुणीतरी "वा" म्हणालं.

मी काकांच्या डोळ्यांत बघितलं. तिथे खोटेपणा नव्हता. ते त्यांना खरंच तसंच आठवत होतं. मी इतकी वर्षं ज्याचा तिरस्कार जपला होता त्या माणसाकडे त्या दुपारची साधी आठवणसुद्धा शिल्लक नव्हती. त्याला लाज वाटावी म्हणून मी आले होते, आणि त्याला ती वाटायला जागाच नव्हती.

अण्णा नेहमीसारखे भिंतीला टेकून उभे होते. त्यांचंही वय झालं होतं. त्यांनी घसा साफ केला. मला वाटलं "हो दादा" म्हणतील.

"पाजलं नाही, दादा," अण्णा म्हणाले. "प्यायलात तुम्ही. दर रविवारी. नंतर बुधवारीसुद्धा. हिच्या वाटणीचं. आणि मीच वाढायला सांगायचो."

बाहेर रस्त्यावरून एक बस गेली, खिडकीची काच थरथरली. काका अण्णांकडे बघत राहिले, समोर कुणी अनोळखी माणूस येऊन उभा राहिल्यासारखे. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण त्यांनी नजर वळवली नाही.

आईनं वाडगा काकांच्या हातात दिला.

"घ्या भाऊजी," ती म्हणाली. "गार होतंय."